कुठल्या वयाला किती बीपी चांगलं म्हणायचं?

अंत्रूजकर
नमस्कार मंडळी. यंदा चवथीला आमच्या गोव्यातल्या बांदोड्याच्या घरी सगळे भाऊ-बहिणी, सुना-जावई, पोरंबाळं जमली होती. भाच्यानं आजीसाठी बीपीचं यंत्र आणलं होतं. दुपारची आरती-जेवणं आटोपल्यावर ते एकेकाच्या दंडाला लागलं आणि आकड्यांवरून जो वाद सुरू झाला तो विसर्जन झालं तरी मिटलेला नाही.

आकडे असे. आई, वय ८२, रोज बीपीची एक गोळी घेते: १५८/६८. सौ., वय ५४, गोळी नाही, कसला त्रास नाही: १३८/८८. भाचा, वय ३१, हॉटेलात नोकरी, बहुतेक रात्रपाळी: १४६/९४. पुतणी, वय २८, सातवा महिना चालू: १३२/८४. नातू, वय १०, अंगानं जरा भरलेला: ११८/७६.

शेजारच्या काकांनी जुना हिशेब सांगितला, शंभर अधिक वय. त्या हिशेबानं आईला १८२ पर्यंत मुभा आहे आणि सौ.चीही काळजी करायला नको. सुनेचं म्हणणं, १२०/८० म्हणजे १२०/८०, त्यात वयाचा काय संबंध? तसं धरलं तर नातू सोडून घरातलं कोणीच निरोगी नाही. दोन्ही मला पटत नाही. जाणकारांनी वयाप्रमाणे नीट समजावून सांगावं ही विनंती. औषध विचारत नाही, समज हवी आहे.

कुडचडेकर
शंभर अधिक वय हे आमच्या वडिलांचे डॉक्टरही सांगायचे. मोठे, अनुभवी डॉक्टर होते. त्यामुळे ते अगदीच निराधार नसावं असं वाटतं. वाचतोय.

बार्देशचा_डॉक्टर
कुडचडेकर, तुमच्या वडिलांचे डॉक्टर त्यांच्या काळात शिकवलं गेलं तेच सांगत होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकात असा समज होता की वयानुसार धमन्या कडक होतात, तर त्यांतून रक्त ढकलायला दाब वाढणं शरीराची गरजच आहे. तो उतरवला तर मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल अशी भीती होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदलं गेलं होतं. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हतीच. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या वेळी मोजलेला आकडा होता ३००/१९०. वय ६३.

१९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावातल्या लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात झाली आणि चित्र बदललं. पुढे २००२ मध्ये ६१ अभ्यासांतल्या सुमारे दहा लाख माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. ४० ते ६९ या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं वाढला की लकव्यानं आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका दर वेळी साधारण दुप्पट होत गेलेला दिसला. सत्तरी-ऐंशीतही धोका वाढतोच, फक्त पटीनं थोडा कमी. पण म्हाताऱ्या माणसाचा मूळ धोकाच मोठा असतो, म्हणून प्रत्यक्षात नुकसान त्यांचंच जास्त होतं. तेव्हा शंभर अधिक वय हे सूत्र कायमचं बाजूला ठेवा. त्यानं ऐंशीच्या माणसाचा १७५ "बरोबर" ठरतो आणि अशाच माणसाला एका सकाळी तोंड वाकडं झालेलं घेऊन आणतात.

दुसरं म्हणजे वयाबरोबर बीपी वाढलंच पाहिजे असंही नाही. १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतली ५२ ठिकाणं होती. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोकही होते. त्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नाही, आणि वय वाढलं तरी त्यांचं बीपी वाढत नाही. आपल्याकडे ते इतक्या घरांत वाढतं की आपण त्यालाच निसर्गनियम समजून बसलो आहोत.

आता आकडे. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात आणि बहुतेक डॉक्टरांकडे १८ वर्षांपुढे दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा जास्त आलं तर उच्च रक्तदाब धरतात. अमेरिकेतल्या संस्थांनी २०१७ मध्ये ही रेघ १३०/८० वर आणली. युरोपानं १४०/९० ठेवली. दोघांच्याही मते १२०/८० च्या खाली असणं सगळ्यांत चांगलं. भांडण मधल्या पट्ट्याचं आहे, म्हणजे १३० ते १३९. त्या पट्ट्यातल्या माणसाला रोगी म्हणायचं की सावध करायचं, एवढाच फरक. मी सावध करतो, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर १३० च्या वर औषधाचा विचार करतो. गोव्यात हे जास्तच लागू आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघालं, २६.४ टक्के.

तुमच्या सुनेचं अर्धं बरोबर आहे. विशी असो की सत्तरी, मोठ्या माणसासाठी चांगल्या बीपीची व्याख्या वयाप्रमाणे सैल होत नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका यांचं मोजमाप मात्र वेगळं. आणि म्हातारपणी आकडा तोच राहिला, तरी तिथपर्यंत किती वेगानं, किती जोर लावून जायचं हे माणूस बघून ठरतं. घरातल्या एकेकाबद्दल सवडीनं लिहितो.

नर्सबाय
डॉक्टर लिहितीलच. पण अंत्रूजकर मास्तर, आधी मला सांगा, हे आकडे घेतले कसे? चवथीचं जेवण, वर चहा, भोवती गलका, एकजण पट्टा बांधतोय आणि बाकीचे "किती आलं, किती आलं" विचारताहेत! त्यातला एकही आकडा मी आमच्या आरोग्य केंद्राच्या वहीत लिहिला नसता.

चहा, कॉफी, विडी-सिगारेट, व्यायाम यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवी करून यायचं. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, सदऱ्याच्या बाहीवर पट्टा नको. हात मेजावर असा ठेवायचा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. ही बारीकसारीक गोष्ट वाटते, पण हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा चारेकनं आणि बाजूला लोंबता ठेवला तर सहा-साडेसहानं जास्त येतो, असं २०२४ च्या एका चाचणीत मोजलेलं आहे. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट सोडून दुसऱ्यांदा मोजायचं. पहिल्यांदा दोन्ही हातांत बघायचं, आणि फरक दहाच्या वर असेल तर जास्त आकड्याचा हात कायमचा धरायचा (आणि डॉक्टरांना सांगायचं).

पट्ट्याचं माप हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. यंत्राबरोबर येणारा पट्टा किती घेराच्या दंडासाठी आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं. ज्याला सगळ्यांत मोठा पट्टा लागतो अशा जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला तर आकडा वीसेकनंसुद्धा फुगतो. उलट बारक्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर कमी दाखवतो. भाच्याचा आणि नातवाचा दंड आधी टेपनं मोजा.

घरी मोजायचं तर आठवडाभर, सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढायची. घरच्या सरासरीची रेघ १३५/८५ आहे, १४०/९० नव्हे, कारण घरी माणूस निवांत असतो. काही लोकांचं फक्त दवाखान्यात चढतं. काहींचं उलट, दवाखान्यात छान आणि घरी-कामावर वर. हे दुसरे लोक आमच्या हातून निसटतात, कारण त्यांना कोणी पुन्हा मोजत नाही.

कवळ्याची_सून
वाचनखूण साठवली. नर्सबाय, बसायची ही पद्धत आजवर एकाही दवाखान्यात कुणी सांगितली नव्हती.

बार्देशचा_डॉक्टर
नर्सबायच्या प्रतिसादाला माझी सही.

नातवापासून सुरुवात करतो, कारण मुलांचं बीपी हा विषयच आपल्याकडे नाही. तान्ह्या बाळाचा वरचा आकडा जन्मल्यावर साठ-सत्तरच्या आसपास असतो, पहिल्या काही आठवड्यांत भरभर चढतो आणि मग उंचीबरोबर हळूहळू वाढत राहतो. त्यामुळे १३ वर्षांखाली एकच रेघ नसते. मुलगा की मुलगी, वय किती, उंची किती हे धरून तक्त्यात बघावं लागतं. त्या वयाच्या शंभर मुलांना बीपीच्या चढत्या क्रमानं लावलं तर त्याचा नंबर कितवा, असा तो हिशेब. नव्वदाव्याच्या खाली असेल तर ठीक, पंचाण्णवाव्याच्या पुढे असेल तर जास्त. पटकन चाळणी लावायला एक सोपा तक्ता अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१७ मध्ये दिला. त्यात १० वर्षांसाठी आकडा आहे १०८/७२. त्याच्या वर आलं म्हणजे आजार झाला असं नाही, नीट बसवून पुन्हा मोजा आणि उंचीच्या तक्त्यात बघा, एवढाच अर्थ. १३ पुरी झाली की मोठ्यांचीच रेघ, १२०/८०.

म्हणजे घरात ज्याचा आकडा सगळ्यांना उत्तम वाटला, त्याचाच बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवा. तीन वर्षांपुढे वर्षातून एकदा मुलाचं बीपी मोजावं, वजन जास्त असेल किंवा मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर जास्त वेळा. आणि लठ्ठपणा नसतानाही लहान मुलाचं बीपी खरोखर वर निघालं, तर मूत्रपिंड किंवा हृदयाजवळच्या महाधमनीतला जन्मजात अरुंदपणा शोधावाच लागतो. अशा वेळी पायातलंही बीपी मोजतात.

पेडण्याची_लेक
गरोदरपणाबद्दल कोणी लिहायच्या आधी मी लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीचं नऊ महिने सगळं सुरळीत होतं. बाळंत होऊन घरी आली. काही दिवसांनी डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं व्हायचं. आम्ही सगळ्यांनी म्हटलं जागरणं आहेत, बाळ झोपू देत नाही. ज्या खासगी दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे फोन केला तर गोळी घे, झोप, असं सांगितलं. बीपी मोजायला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेलं, ती वाचली, आज ठणठणीत आहे. पण बाळंतपणानंतरसुद्धा असं होऊ शकतं हे आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. अंत्रूजकर काका, तुमच्या पुतणीच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे हे वाचायला द्या.

नर्सबाय
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही अंगणवाडीत बायकांना हेच बोलतो आणि तरी दर वर्षी कोणीतरी उशिरा येतेच.

गरोदरपणी पहिल्या महिन्यांत आणि मध्याला बीपी खरं तर उतरतं, शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा पहिल्यावर येतं. म्हणून पहिल्या तपासणीचा आकडा कार्डावर हवाच. कुणाचं सुरुवातीला १००/६० होतं आणि सातव्यात १३२/८४ झालं, तर रेघेच्या खाली असूनही मी तिला लवकर परत बोलावते. कुणाचं पहिल्यापासून १२६/८० असेल तर तोच आकडा मला तेवढा घाबरवत नाही. वीस आठवड्यांनंतर १४०/९० ला पोचलं की ते गरोदरपणाचं बीपी, लगेच डॉक्टर, लघवीत प्रथिनं तपासायची. १६०/११० म्हणजे त्याच क्षणी दवाखाना, उद्यावर ढकलायचं नाही.

न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं किंवा काजवे, छातीखाली उजव्या बाजूला दुखणं, तोंड-हात एकाएकी सुजणं, लघवी कमी होणं. यातलं काहीही असेल तर रात्र असो की सण असो, १०८ ला फोन. आणि हे बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत लक्षात ठेवायचं. घरी सोडल्यानंतरचा पहिला आठवडा तर फार जपायचा.

बार्देशचा_डॉक्टर
यात दोन भर. एक, ज्या बाईचं गरोदरपणी बीपी वाढलं होतं तिला पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो. बाळंतपणानंतर उतरलं म्हणून विसरायचं नाही, वर्षातून एकदा मोजायचंच. दोन, आधीपासून बीपीची गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना सांगावं. नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेल्या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, त्या बदलाव्या लागतात. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं त्या काळात वापरली जातात. पण स्वतःच्या मनानं काहीही बंद करू नये, दिवस राहिल्याचं कळताच त्याच दिवशी विचारावं.

कळंगुटचा_शेफ
मी त्या भाच्यासारखाच. वय ३४, स्वयंपाकघरात रात्री दीड-दोनपर्यंत उभा, मग जेवण, मग झोप. हंगामात तर दिवस-रात्र कळत नाही. कंपनीच्या तपासणीत १५०/९६ आलं. मित्र म्हणाले, टेन्शन आहे, ऑफ-सीझनला उतरेल. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. इतक्या तरुणपणी गोळी सुरू केली तर जन्मभर घ्यावी लागेल या भीतीनं डॉक्टरकडे गेलेलो नाही.

बार्देशचा_डॉक्टर
शेफ, लिहिलंत हे चांगलं केलंत. डोकं दुखत नाही याचा बीपीशी काही संबंध नाही, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आणि तरुणपणीचं बीपी हे म्हातारपणीच्या बीपीपेक्षा एका अर्थी वाईट, कारण त्याला नुकसान करायला पुढची चाळीस वर्षं मिळतात. तिशीत वरचा आकडा ठीक असतो आणि खालचा ९०-९५ असतो असंही पुष्कळदा दिसतं. त्याकडेही काणाडोळा करू नये.

तुमच्या वयात मी आधी कारण शोधतो. घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगतात का, सकाळी उठल्यावर थकलेलेच असता का? झोपेतला श्वासरोध हे तरुण पुरुषांतलं एक मोठं कारण आहे. कंबर-गुडघेदुखीवर रोज वेदनाशामक गोळी घेता का? स्वयंपाकघरात उभं राहणारे खूप जण घेतात, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी चढवतात. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, जिमचे व्यायामापूर्वीचे डबे, स्टेरॉइड, रोजचं ज्येष्ठमध, हेही बघायचं. दारू किती, हेही स्पष्ट सांगायचं. फेणी असो, उरक असो की बिअर, रोजची असेल तर बीपी वाढवते आणि कमी केली तर थोड्याच आठवड्यांत आकडा उतरलेला दिसतो.

तपासण्या साध्या आहेत: लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, चरबी, ईसीजी. गरज पडली तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी, थायरॉइड आणि आल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी. गोळी जन्मभर लागेल की नाही हे नंतरचं. वजन उतरलं, झोप सुधारली आणि गोळी कमी झाली असे रुग्ण मी पाहिले आहेत. गोळी टाळून मूत्रपिंड गमावलेलेही पाहिले आहेत, तुमच्याच वयाचे.

मडगाववाली
सौ. बद्दल कोणी लिहिलं नाही अजून! ५४, १३८/८८, "कसला त्रास नाही". माझंही असंच होतं. पन्नाशीपर्यंत ११०/७०, मिरवायचे मी. पाळी थांबली आणि दोन-तीन वर्षांत १४० च्या घरात. घाम, धडधड, झोपमोड सगळं पाळी जाण्याच्या खात्यावर टाकत राहिले. बायका घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या वेळेवर देतात आणि स्वतःच्या दंडाला पट्टा लावत नाहीत. काका, वहिनींचं आठवडाभर नीट मोजून घ्या.

बार्देशचा_डॉक्टर
मडगाववाली, अगदी सहमत. तरुणपणी बायकांचं बीपी पुरुषांपेक्षा कमी असतं, पाळी गेल्यावर ते अंतर मिटतं आणि साठीनंतर बऱ्याचदा उलटतं. अंत्रूजकर, वहिनींची घरची सरासरी १३५/८५ च्या वर आली तर डॉक्टरांकडे न्या. खाली आली तरी आता मीठ, चालणं आणि वर्षातून दोनदा मोजणं.

कुडचडेकर
आता आईंचं. ८२ वर्षं आणि १५८/६८. आमच्या आईचं असंच होतं. गोळी वाढवली आणि पंधरवड्यात रात्री न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. तेव्हापासून आम्ही सगळी भावंडं म्हणतो, म्हातारपणी बीपीला फार छेडू नये.

बार्देशचा_डॉक्टर
कुडचडेकर, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. याच कारणासाठी या वयाबद्दल सविस्तर लिहितो.

वरचा आकडा आयुष्यभर चढत जातो. खालचा पन्नास-पंचावन्नपर्यंत चढतो आणि मग उतरायला लागतो. कारण महाधमनीचा लवचीकपणा जातो. नवी रबरी नळी पाणी आलं की फुगते आणि पाणी थांबलं की आकसून उरलेलं पुढे ढकलते. जुनी कडक नळी फुगतही नाही, आकसतही नाही. म्हणून ठोका पडताना दाब उंच जातो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये खाली घसरतो. १५८/६८ हे असं कडक धमनीचं बीपी. खालचा आकडा छान आहे म्हणून समाधान मानू नये. दोहोंतलं अंतर ९० आहे, तेच धमनीचं वय सांगतं.

मग औषध द्यावं का? ऐंशीच्या वरच्या लोकांवर केलेली हायवेट नावाची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. १५०/८० हे लक्ष्य ठेवून औषध दिलं, तर एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं. २०१५ च्या स्प्रिंट चाचणीत पन्नाशीपुढच्या ९,३६१ लोकांत वरचा आकडा १२० खाली नेण्याचा फायदा पंचाहत्तरीपुढच्यांनाही दिसला. पण त्यात मधुमेही नव्हते, वृद्धाश्रमात राहणारे नव्हते, आणि उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा आकडा ११० च्या खाली जात होता त्यांना घेतलंच नव्हतं. आपली वाकलेली, जेवण कमी झालेली, आठ गोळ्या घेणारी आजी त्या चाचणीत नव्हती.

म्हणून म्हाताऱ्या माणसाचं बीपी बसून मोजलं की काम संपत नाही. उभं करायचं, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर ते पडायचं आमंत्रण. अशा वेळी एकदम गोळी वाढवायची नाही. आधी बघायचं की प्रोस्टेटची, झोपेची, नैराश्याची कुठली गोळी त्यात भर घालते आहे का, पाणी पुरेसं पितात का, लघवीच्या गोळीनं सोडियम उतरलं आहे का. मे महिन्यात आपल्याकडे हे फार होतं. मग थोड्या मात्रेनं, आठवड्यांच्या अंतरानं, सावकाश. हिंडत्या-फिरत्या ऐंशीच्या माणसाला १४० च्या खाली, सोसवत असेल तर १३० च्या आसपास. अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या माणसाला आकड्यापेक्षा त्याचा दिवस बरा जाणं महत्त्वाचं.

तुमच्या आईंच्या बाबतीत चूक औषध देण्यात नसेल, वेगात आणि उभं करून न मोजण्यात असेल. बीपीला छेडायचंच नाही हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. लकवा झालेल्या माणसाचं घर काय सोसतं ते मी रोज बघतो.

कुडचडेकर
उभं करून कधीच मोजलं नव्हतं, हे खरं. मनापासून आभार.

सत्तरीवासी
मिठाचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आमच्याकडे सकाळची पेज आणि तिच्याबरोबर खारें (खारवलेली सुकी मासळी), दुपारी हुमण (माशाची आमटी) आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, ताटाच्या कडेला तोर किंवा मिस्कूट (कैरीचं लोणचं), संध्याकाळी पाव-भाजी. पावातही मीठ असतं हे कोणी धरतच नाही. पावसाआधी पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं म्हणजे सगळं मिठातच टिकवायचं. पूर्वी शेतात राबून घामावाटे मीठ जायचं, आता खाणं तेच आहे आणि बसणं खुर्चीत.

मी खारें सोडलेलं नाही. पण भिजत घालून दोन पाणी काढतो, आठवड्यातून एकदाच, आणि त्या दिवशी लोणचं नाही. चोरीस (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज) घरात सणापुरती. सोलकढीत मीठ निम्मं केलं, आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

नर्सबाय
सैंधव घेतलं की मीठ घेतलं असं होत नाही, हा समज आधी जाऊ दे. तेही सोडियमच. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं पर्यायी मीठ मिळतं, त्याचा फायदा चीनमधल्या खेड्यांत झालेल्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत दिसला. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा प्रिल-सार्टन गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मांडवीकाठ
माझं नेहमी ९५/६० असतं. वय २६. घरचे "लो बीपी" म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजतात. हे बरोबर आहे का?

बार्देशचा_डॉक्टर
चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी नसेल तर ते तुमचं नेहमीचं, चांगलं बीपी आहे. पाणी बंद करायला सांगा. नेहमी १३० असणाऱ्या माणसाचं अचानक ९५ झालं तर मात्र कारण शोधायचं.

याच्या उलट टोकाचंही सांगतो. १८०/१२० दिसलं आणि छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं यातलं काही असेल तर १०८, थेट बांबोळी किंवा जवळचं जिल्हा इस्पितळ. तसं काही नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा, गोळी चुकली आहे का बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घरी जिभेखाली बीपी उतरवणारी कॅप्सूल फोडून देऊ नका. दाब धाडकन पडून मेंदूला रक्त कमी पडतं, लकवा त्यानंच होऊ शकतो.

अंत्रूजकर
सर्वांचे मनापासून आभार. देव बरें करूं. पुतणीचं पहिलं कार्ड काढलं, सुरुवातीला १०४/६६ होतं. उद्याच तिला घेऊन जातोय, लघवीही तपासून घेतो. नातवाला या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे. आईला उभं करून मोजलं तर १३४/६० आलं, म्हणजे २४ नं उतरलं. तिच्या डॉक्टरांना हे लिहून देणार आहे.

नर्सबाय
मास्तर, तोवर आईंना रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला थोडा वेळ बसवा, मग उभं करा. न्हाणीघरापर्यंत दिवा आणि हाताशी धरायला काहीतरी. गोळी मात्र तुम्ही बंद करू नका.

कळंगुटचा_शेफ
शुक्रवारी सुट्टी आहे, जातोय. डॉक्टर, लघवीची तपासणी सकाळच्या पहिल्या लघवीची द्यायची का? आणि पाठीसाठी रोज घेत होतो ती गोळी सांगायची ना?

बार्देशचा_डॉक्टर
हो, पहिलीच द्या. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण असं लिहून घ्या. ताप असताना किंवा आदल्या दिवशी जड व्यायाम झाला असेल तर देऊ नका. गोळीचं पाकीटच बरोबर न्या, नाव सांगण्यात घोटाळा होतो.